रिस्क रजिस्टर एकीकडे, बॅकलॉग दुसरीकडे: १२ स्प्रिंटच्या प्रोजेक्टमध्ये दोन्हीचा मेळ कसा घालायचा?

नवा_लीड (पुणे)

नमस्कार मंडळी,

एका नागरी सहकारी पतसंस्थेच्या सभासदांसाठी मोबाईल ॲप करायचं आहे. खातेउतारा, कर्जाचा हप्ता भरणं, ठेवीची मुदत संपण्याआधी सूचना आणि दुसऱ्या टप्प्यात ॲपमधूनच कर्जाचा अर्ज. १७ शाखा, सुमारे ४२,००० सभासद. जुनी प्रणाली फॉक्सप्रो या जुन्या डेटाबेसमधली, आणि तिच्यातली मराठी नावं युनिकोडमध्ये (अक्षरं साठवण्याच्या आजच्या प्रमाण पद्धतीत) नाहीत, जुन्या फॉन्टमध्ये आहेत. ती प्रणाली नीट समजणारा माणूस पतसंस्थेकडे एकच.

आमची टीम ७ जणांची: ५ डेव्हलपर, २ टेस्टर. दोन आठवड्यांचे १२ स्प्रिंट (कामाचे ठरलेले टप्पे), सुरुवात ऑक्टोबरच्या पहिल्या सोमवारी. रक्कम ठरलेली, वाढणार नाही.

कंपनीच्या नमुन्याप्रमाणे ६२ ओळींचं रिस्क रजिस्टर (जोखमींची यादी) एक्सेलमध्ये तयार आहे. दर महिन्याला त्यातले लाल-पिवळे-हिरवे रंग बदलून पाठवायचे असतात. टीम ते उघडत नाही, कारण रोजचं काम बॅकलॉगमधून (करायच्या कामांच्या यादीतून) चालतं. माझे प्रश्न:

रजिस्टर वेगळं ठेवावं की सगळं बॅकलॉगमध्येच आणावं? कोणत्या स्प्रिंटमध्ये किती वेळ यासाठी काढावा? आणि ठरलेल्या रकमेच्या कंत्राटात क्लायंटसमोर किती मांडावं?

---

नाशिककर

६२ ओळींपैकी बहुतेक ओळी जोखमी नसतील, विषय असतील. ‘डेटाची गुणवत्ता’, ‘रिक्वायरमेंटमधले बदल’, ‘थर्ड पार्टीवरचं अवलंबित्व’. अशा ओळीवर सोमवारी सकाळी कोणी काम सुरू करू शकत नाही. आधी प्रत्येक ओळ तीन भागांत लिहून बघा: आज काय खरं आहे, त्यामुळे काय घडू शकतं, घडलं तर किती दिवसांचं नुकसान. तुमच्याच प्रोजेक्टमधलं उदाहरण: ‘शाखांनी वेगवेगळ्या वर्षी वेगवेगळे मराठी फॉन्ट वापरले आहेत, त्यामुळे एकाच कन्व्हर्टरने काही शाखांची नावं चुकीची येतील, ती हाताने दुरुस्त करण्यात १२ दिवस जातील.’ असं लिहिलं की पुढचं काम आपोआप दिसतं: कोणत्या शाखेत कोणता फॉन्ट आहे ते आधी मोजा. ज्या ओळीचं असं वाक्य होत नाही ती सरळ काढून टाका. ८ ते १० ओळी उरल्या तर रजिस्टर आणि बॅकलॉग हा वादच मिटतो. त्या १० ओळी बोर्डाच्या एका कोपऱ्यात राहतात आणि प्रत्येकीला बॅकलॉगमधलं किमान एक काम जोडलेलं असतं. काम जोडलेलं नाही आणि ‘स्वीकारली’ असंही लिहिलेलं नाही, तर ती जोखीम कोणीच सांभाळत नाहीये.

प्रत्येक ओळीला एकच मालक, टीम नव्हे, एक माणूस. शिवाय एक लक्षण आणि एक तारीख. लक्षण म्हणजे जोखीम खरी होऊ लागल्याचं पहिलं चिन्ह, उदाहरणार्थ ‘दुसऱ्या स्प्रिंटच्या बुधवारपर्यंत १७ पैकी १२ पेक्षा कमी शाखांचा डेटा आला’. तारीख म्हणजे ज्या दिवसानंतर दुसरा मार्ग निवडायला उशीर झालेला असेल तो दिवस. लोक संभाव्यतेवर तासभर वाद घालतात आणि ही तारीख मात्र रिकामी सोडतात. माझ्या मते सगळ्या रकान्यांत तीच सर्वांत महत्त्वाची.

आकडा हवाच असेल तर संभाव्यता गुणिले दिवस. फॉन्टचं रूपांतर ५०% × १२ = ६. पेमेंटचा ताळमेळ ४०% × १० = ४. फॉक्सप्रो जाणणारा एकच माणूस, २०% × २० = ४. एसएमएसची मंजुरी ३०% × १० = ३. एकूण १७ दिवस. ही बेरीज दर स्प्रिंटच्या शेवटी आलेखावर टाका. रेघ खाली उतरली पाहिजे. चौथ्या स्प्रिंटपर्यंत ती आडवीच राहिली तर टीम सोपी कामं आधी उरकते आहे असं समजा.

आता वेळ. ७ जण × १० दिवस म्हणजे कागदावर ७० दिवस. मीटिंग, रजा, जुन्या कामांचे फोन वजा जाता ५० च्या आसपास हातात राहतात. पहिल्या चार स्प्रिंटमध्ये त्यातले ६ ते ८ दिवस जोखमीच्या कामांसाठी बाजूला काढा, पुढे २-३ पुरतात. ही कामं स्पाइक म्हणून घ्या. एक प्रश्न, जास्तीत जास्त दोन दिवस, आणि उत्तर पुराव्यासह हो किंवा नाही. ‘पेमेंट गेटवेचा (ऑनलाइन पैसे घेणाऱ्या सेवेचा) अभ्यास’ हा स्पाइक नव्हे. ‘गेटवेचा संदेश दोनदा आला तर हप्ता दोनदा जमा होतो का?’ हा स्पाइक. दोन दिवसांत उत्तर मिळालं नाही तर मुदत वाढवू नका. उत्तर मिळत नाही हीच माहिती घेऊन प्रॉडक्ट ओनरकडे (कोणतं काम आधी हे ठरवणाऱ्याकडे) जा. आणि स्पाइकमध्ये लिहिलेला कोड फेकून द्यायचा. तोच पुढे वापरला की चाचण्या नसलेला, चुका न हाताळणारा कोड थेट सभासदांच्या पैशांपर्यंत पोचतो.

फॉन्टचा स्पाइक पहिल्याच स्प्रिंटमध्ये घ्या, कारण तो वरवर सोपा वाटतो. जुन्या फॉन्टमध्ये अक्षरं दिसतात त्या क्रमाने साठवलेली असतात: पहिली वेलांटी व्यंजनाच्या आधी, रफार अक्षराच्या नंतर. युनिकोडमध्ये क्रम उच्चाराचा. म्हणून ‘शिर्के’ आणि ‘कुलकर्णी’ ही नावं कन्व्हर्टरची खरी परीक्षा घेतात. ‘गोऱ्हे’मधला ऱ्ह युनिकोडमध्ये दोन प्रकारे साठवता येतो. पडद्यावर दोन्ही सारखे, पण शोधताना जुळत नाहीत, म्हणून एकच प्रकार ठरवून सगळी नावं त्यात आणा. नमुन्यादाखल १०० नावं बघून समाधान मानू नका. सगळ्या नावांतले वेगवेगळे शब्द काढा आणि सर्वाधिक वेळा येणारे १,००० शब्द मराठी नीट वाचणाऱ्या माणसाच्या डोळ्यांखालून घाला. अर्ध्या दिवसाचं काम आहे. उरलेल्यांसाठी युनिकोडमधून परत जुन्या फॉन्टमध्ये रूपांतर करा आणि मूळ नोंदीशी बाइट-बाइट जुळवा. जे जुळणार नाही ती तुमची दुरुस्तीची यादी. हे सगळं पतसंस्थेच्याच मशिनवर करा. सभासदांची नावं आणि मोबाईल नंबर ईमेलवरून फिरता कामा नयेत.

रोजच्या स्टँडअपमध्ये (टीमच्या छोट्या मीटिंगमध्ये) जोखमींची यादी वाचू नका. लक्षण दिसलं तरच बोलायचं. स्प्रिंट प्लॅनिंगच्या सुरुवातीला १० मिनिटं मात्र ठरलेली हवीत, कामं उचलण्याआधी. नंतर ठेवली तर त्या दहा मिनिटांतून काहीच बदलत नाही.

---

ठाणेकर_इंटिग्रेशन

नाशिककरांशी सहमत. मी बाहेरच्यांवर अवलंबून असलेल्या कामांबद्दल लिहितो, कारण तिथे तुमचा स्प्रिंट दोन आठवड्यांचा असला तरी समोरच्याचा नसतो. एसएमएस, पेमेंट गेटवे, प्ले स्टोअर. तिन्हींची कागदपत्रं पहिल्या आठवड्यात सुरू व्हायला हवीत, ते काम नवव्या स्प्रिंटमध्ये असलं तरी.

एसएमएस. ट्रायच्या (दूरसंचार नियामकाच्या) २०१८ च्या नियमांनुसार संस्था, हेडर (पाठवणाऱ्याचं छोटं नाव) आणि संदेशाचा प्रत्येक नमुना डीएलटीवर (मोबाईल कंपन्यांच्या नोंदणी प्रणालीवर) नोंदवावा लागतो. नोंदणी पतसंस्थेच्या नावाने होते, म्हणजे त्यांच्या पदाधिकाऱ्यांच्या सह्या लागतात आणि त्या तुमच्या हातात नाहीत. ८ मार्च २०२१ ला ऑपरेटरांनी नमुन्याशी न जुळणारे संदेश अडवायला सुरुवात केली, तेव्हा देशभर बँकांचे ओटीपी अडकले आणि ट्रायला ती तपासणी आठवडाभर थांबवावी लागली. म्हणून मंजूर नमुना आणि कोडमधला मजकूर स्वल्पविरामासकट एकच ठेवा. मजकूर कोडमध्ये हाताने टाइप करू नका, मंजूर फाइलमधूनच उचला. व्हेरिएबलच्या (दर संदेशात बदलणाऱ्या मजकुराच्या) जागी मोजकीच अक्षरं चालतात, त्यामुळे योजनेचं लांबलचक नाव तिथे घातलं की संदेश अडतो. सर्वांत घातक गोष्ट अशी की पुरवठादाराचा एपीआय (आपला प्रोग्रॅम ज्यातून संदेश पाठवतो ती जोडणी) ‘स्वीकारला’ म्हणून उत्तर देतो आणि ऑपरेटर पुढे तो संदेश टाकून देतो. टेस्टिंगमध्ये एपीआयचं उत्तर बघू नका, डिलिव्हरी रिपोर्ट बघा, तोही तीन वेगवेगळ्या कंपन्यांच्या सिमवर.

मराठीत संदेश पाठवणार असाल तर खर्चही आत्ताच काढा. इंग्रजी संदेशात १६० अक्षरं बसतात, युनिकोडमध्ये ७०. त्यापुढे गेलं की प्रत्येक तुकडा ६७ चा. मात्रा, वेलांट्या आणि पाय मोडण्याची खूण स्वतंत्र मोजली जाते. ‘कर्ज’ दिसायला दोन अक्षरं, मोजणीत चार, ‘हप्त्याची’ नऊ. हप्ता जमा झाल्याचा साधा संदेशही दोन तुकड्यांत जातो, म्हणजे पैसे दुप्पट. ४२,००० सभासदांना महिन्यातून एक संदेश धरला तरी कंत्राटातला एसएमएसचा अंदाज बदलतो. मराठी काढून टाका असं मुळीच म्हणत नाही, सभासदाला ती हवीच. मजकूर ७० मध्ये बसवण्याचं काम पहिल्या स्प्रिंटमध्ये प्रॉडक्ट ओनरला द्या.

पेमेंट. गेटवेकडून येणारा संदेश दोनदा येतो, उशिरा येतो किंवा येतच नाही. तिन्ही प्रकार चाचणीत मुद्दाम घडवा. प्रत्येक व्यवहाराला तुमच्याकडचा एक क्रमांक द्या. तोच क्रमांक पुन्हा आला तर काहीही न करता ‘आधीच जमा’ हे उत्तर. उत्तर आलं नाही तर १५ मिनिटांनी स्वतःहून स्थिती विचारा, आणि रोज रात्री गेटवेची यादी व तुमची वही जुळवा. गेटवेचं चाचणीचं वातावरण खऱ्यासारखं वागत नाही, त्यामुळे चौथ्या स्प्रिंटच्या आत खऱ्या खात्यातून १ रुपयाचा व्यवहार करून तो पतसंस्थेच्या बँक खात्यात आणि कर्जखात्यात दोन्हीकडे उतरलेला बघा.

प्ले स्टोअर. दुसऱ्या टप्प्यात ॲपमधून कर्जाचा अर्ज घेणार आहात. वैयक्तिक कर्जाच्या ॲपसाठी गूगलचं भारतापुरतं वेगळं घोषणापत्र आहे, आणि अशा ॲपला फोनमधले संपर्क किंवा फोटो वाचायची परवानगी मिळत नाही. जामीनदार निवडण्यासाठी संपर्कयादी उघडायचं कोणाच्या मनात असेल तर ते डिझाइनच्या आधीच थांबवा.

आणखी एक, तुमच्या प्रश्नातच दडलेलं. ऑक्टोबरच्या पहिल्या सोमवारपासून १२ स्प्रिंट म्हणजे २४ आठवडे. शेवटचा स्प्रिंट मार्चच्या मध्यानंतर संपतो. पतसंस्थेत तेव्हा मार्चएंड, वसुली आणि वर्षअखेरीची गडबड. शाखेतला एकही माणूस तुमचं ॲप तपासायला बसणार नाही, आणि तो एकटा फॉक्सप्रोवाला तर नाहीच. ऑक्टोबर-नोव्हेंबरातला एक स्प्रिंट दिवाळीत अर्धा होतो तो वेगळाच. ६२ ओळींत ही ओळ नसेल तर सर्वांत वर टाका. एक तर फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत कमी सुविधांसह सुरू करा, नाही तर सरळ एप्रिलचा दुसरा पंधरवडा धरा.

---

टेस्टर_कोल्हापूर

रिलीजबद्दल कोणी लिहिलं नाही म्हणून लिहिते. ॲजाइल (छोट्या टप्प्यांत काम करण्याची पद्धत) आहे म्हणून जोखीम आपोआप तुकड्यांत वाटली जाते असं टीम समजते. तुकडे सभासदांपर्यंत खरंच पोचत असतील तरच ते खरं. ११ स्प्रिंट फक्त डेमो आणि बाराव्यात एकदम ४२,००० लोक, असं असेल तर तो जुन्याच पद्धतीचा प्रोजेक्ट आहे.

ब्रिटनमधल्या टीएसबी बँकेने एप्रिल २०१८ मध्ये ५० लाखांहून अधिक ग्राहक एका शनिवार-रविवारात नव्या प्रणालीवर नेले. दोन डेटा सेंटर होती, भाराची चाचणी एकाचीच झाली होती. लाखो लोकांना आपलं खातं ऑनलाइन वापरता येईना, आणि डिसेंबर २०२२ मध्ये नियामकांनी ४ कोटी ८६ लाख ५० हजार पौंडांचा दंड केला. तुमच्याकडे १७ शाखा आहेत, त्याचा फायदा घ्या. आधी पतसंस्थेचे कर्मचारी, मग एक छोटी शाखा, मग तीन, मग उरलेल्या. पुढच्या पायरीवर जाण्याची अट आधीच लिहून ठेवा: सलग तीन कामकाजाचे दिवस ताळमेळात शून्य फरक, आणि ओटीपी मागितलेल्या १०० पैकी ९५ जणांचं लॉगिन पहिल्या प्रयत्नात. अट नंतर ठरवली तर ती हाती आलेल्या निकालाला जुळवून घेतली जाते.

डेटा आणण्याची रंगीत तालीम किमान तीनदा, पूर्ण डेटावर, घड्याळ लावून. तालीम यशस्वी कधी म्हणायची? नोंदींची संख्या जुळली एवढ्यावर नाही. शाखानिहाय आणि खातेप्रकारनिहाय बाकीची बेरीज पैशापर्यंत जुळली पाहिजे. रिकामे, दहापेक्षा कमी आकड्यांचे आणि दोन सभासदांना एकच असलेले मोबाईल नंबर यांची यादी पहिल्या तालमीतच शाखांना द्या. घरातल्या चार सभासदांचा एकच नंबर असणं पतसंस्थेत नेहमीचं आहे, आणि ओटीपीवर चालणाऱ्या लॉगिनला तो डिझाइनचा प्रश्न आहे. दुरुस्तीला शाखांना आठवडे लागतात.

फीचर फ्लॅग (सुविधा चालू-बंद करणारे कोडमधले स्विच) वापरत असाल तर त्यांचीही जोखीम धरा. १ ऑगस्ट २०१२ ला अमेरिकेतल्या नाइट कॅपिटलने नवा कोड ८ पैकी ७ सर्व्हरवर टाकला. नव्या कोडसाठी जुनाच फ्लॅग पुन्हा वापरला होता, त्यामुळे राहून गेलेल्या आठव्या सर्व्हरवर कित्येक वर्षं पडून असलेला कोड जागा झाला. सुमारे ४५ मिनिटांत ४४ कोटी डॉलरहून अधिक तोटा. म्हणून फ्लॅगचं नाव कधीही पुन्हा वापरू नका, प्रत्येक फ्लॅगला काढून टाकण्याची तारीख द्या, आणि डिप्लॉय झाल्यावर सगळ्या सर्व्हरवर एकच आवृत्ती आहे हे स्क्रिप्टने तपासा.

मागे फिरण्याची (जुन्या आवृत्तीवर परत जाण्याची) चाचणी ‘डन’च्या, म्हणजे काम पूर्ण कधी म्हणायचं याच्या, व्याख्येतच घाला. डेटाबेस बदलताना आधी नवा कॉलम वाढवायचा, काही काळ दोन्हींत लिहायचं आणि जुना कॉलम पुढच्या एक-दोन रिलीजनंतर काढायचा. एकाच रिलीजमध्ये दोन्ही केलं की परतीचा रस्ता बंद. मोबाईल ॲपमध्ये तर सभासदाच्या फोनवरची आवृत्ती तुम्हाला परत घेता येत नाही, म्हणून सर्व्हरला किमान मागच्या दोन आवृत्त्या चालल्या पाहिजेत आणि ‘अपडेट करा’ हा सक्तीचा पडदा पहिल्या आवृत्तीपासून हवा. दुसऱ्या आवृत्तीत घातला तर पहिली आवृत्ती वापरणाऱ्यांना तो दिसणारच नाही.

---

नवा_लीड (पुणे)

मार्चएंडचा मुद्दा खरोखर नजरेतून निसटला होता, तो आजच वर टाकतो. दोन शंका. संभाव्यता गुणिले दिवस हा आकडा क्लायंटला दाखवला तर ‘१७ दिवस जास्त धरलेत, कमी करा’ असं म्हणतील. त्याला काय उत्तर द्यावं? आणि फॉक्सप्रोवाल्या एकट्या माणसाची जोखीम आमच्या हातात नाही, तिचं काम बॅकलॉगमध्ये काय म्हणून लिहायचं?

---

माजी_पीएमओ (बंगळूर)

तो आकडा क्लायंटला दाखवूच नका. तो टीमने क्रम लावण्यासाठी आहे, अंदाजपत्रकासाठी नाही. २०% × २० दिवस म्हणजे ४ हे गणित बरोबर, पण प्रत्यक्षात ४ दिवस कधीच जात नाहीत. शून्य जातात किंवा वीस. चार-पाच जोखमींची बेरीज राखीव वेळ म्हणून धरली तर एक मोठी जोखीम खरी होताच ती अपुरी पडते. नाशिककरांनी ५०% कुठून आणले असं कोणी विचारलं तर उत्तर ‘अंदाज’ एवढंच आहे, आणि क्रम लावायला तेवढं पुरतं.

क्लायंटला गृहीतकं दाखवा. ठरलेल्या रकमेच्या कंत्राटात जोखीम पकडायची खरी जागा तीच. ‘१७ शाखांचा डेटा दुसऱ्या स्प्रिंटच्या अखेरीपर्यंत मिळेल’, ‘डीएलटी नोंदणी पतसंस्था ३१ ऑक्टोबरपर्यंत पूर्ण करेल’, ‘शाखांचा अभिप्राय ५ कामकाजाच्या दिवसांत येईल’. प्रत्येकापुढे तारीख, त्यांच्याकडच्या एका व्यक्तीचं नाव, आणि ‘एक दिवस उशीर झाल्यास वेळापत्रक एक दिवस पुढे’ हे वाक्य. मग प्रत्येक स्प्रिंट रिव्ह्यूमध्ये डेमोच्या आधी ५ मिनिटं हीच यादी: मिटली, सोपवली, कमी केली की स्वीकारली. ‘स्वीकारली’ हा शब्द टीमने लिहायचा नाही. ज्याचं नुकसान होणार त्यानेच तो म्हणायचा, आणि इतिवृत्तात नाव व तारखेसह आला पाहिजे. पतसंस्थेत निर्णय संचालक मंडळाच्या सभेत होतात. रिव्ह्यूला आलेले व्यवस्थापक ‘हो’ म्हणाले तरी मंजुरी पुढच्या सभेलाच मिळते, म्हणून त्यांच्या सभांच्या तारखा आधीच मागून घ्या आणि निर्णयाच्या प्रत्येक शेवटच्या तारखेआधी एक सभा येईल असं बघा.

फॉक्सप्रोवाल्या माणसाचं काम अगदी ठोस लिहिता येतं. पहिल्या तीन स्प्रिंटमध्ये त्यांच्याबरोबर दोन-दोन तासांच्या सहा बैठका, तुमचा एकच डेव्हलपर ठरलेला, स्क्रीन रेकॉर्डिंग त्यांच्या परवानगीने. ‘प्रणाली समजून घेणे’ असं लिहू नका. प्रत्येक बैठकीतून एक गोष्ट बाहेर आली पाहिजे: कोणत्या डीबीएफ (फॉक्सप्रोच्या डेटाच्या) फाइलमध्ये काय आहे, व्याजाची गणना कोणत्या प्रोग्रॅममध्ये होते, दिवसअखेर कोणत्या क्रमाने चालते, कोणत्या नोंदी हाताने बदललेल्या आहेत. चौथ्या स्प्रिंटमध्ये परीक्षा: तुमच्या डेव्हलपरने त्यांची मदत न घेता २० कर्जखात्यांचं व्याज काढायचं आणि ते छापील उताऱ्याशी जुळवायचं. २० पैकी २० जुळली तर संभाव्यता २०% वरून खाली आणा. एकही चुकलं तर बैठका आणखी दोन, आणि चुकलेलं खातं कोणत्या प्रकारचं आहे ते आधी बघा. बहुतेक वेळा ते मुदतीआधी अंशतः फेडलेलं किंवा हप्ते पुन्हा बांधून दिलेलं कर्ज निघतं, म्हणून त्या २० मध्ये अशी किमान ६ खाती मुद्दाम घ्या.